जास्वंद आणि अडेनियम: पानं पिवळी पडून गळत असतील तर क्रमाने काय तपासावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गच्चीवर जास्वंद आणि अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड) शेजारी शेजारी ठेवायची पद्धतच पडली आहे. दोघांनाही ऊन हवं, दोघांनाही ठसठशीत फुलं येतात, त्यामुळे एकाच झारीनं, एकाच वेळी, सारखंच पाणी घातलं जातं. मग आषाढात आणि पुन्हा मार्गशीर्ष-पौषात तीच तक्रार येते: पानं पिवळी पडून गळतात, कळ्या टिकत नाहीत.

पिवळं पान दोन्ही झाडांवर सारखंच दिसतं, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा उलटा असतो. जास्वंदीला वाफसा लागतो, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही. अडेनियमला दोन पाण्यांच्या मध्ये माती पार कोरडी व्हावी लागते. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष ठरतं. म्हणून पिवळं पान दिसल्याबरोबर पाणी वाढवू नका, खतही टाकू नका. आधी लक्षण नीट ओळखा.

जास्वंदीची लक्षणं

खालची जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा हिरवागार असेल, तर पाण्याचा अनियमितपणा किंवा नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. शेंडे आखडून गुच्छासारखे झाले, पानं मुरगळली आणि देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड. कळी बऱ्यापैकी मोठी होऊन, उमलायच्या आधीच देठापासून पिवळी पडून गळत असेल, तर कारणं तीन-चार असू शकतात, त्यांचा विचार पुढे केला आहे. भर दुपारी झाड मान टाकतं आणि संध्याकाळी उभं राहतं, ही साधी तहान. माती ओली असूनही सकाळीच मान टाकलेली असेल, तर मुळं कुजली आहेत.

ऋतू बदलताना तळाची दोन-चार पानं पिवळी होऊन गळणं मात्र जास्वंदीचा स्वभावच आहे. त्यासाठी काही करू नका.

अडेनियमची लक्षणं

डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी होऊन सगळं झाड बोडकं झालं, पण बुंधा दगडासारखा घट्ट आहे, तर झाड विश्रांतीला गेलंय. पावसाळ्यात पानं पिवळी पडताहेत आणि बुंध्याला एका ठिकाणी बोट रुततं आहे, तर कुज सुरू झाली आहे आणि हातात दिवस थोडे आहेत. सगळा बुंधा सारखाच पिचकलेला, कातडी सुरकुतलेली आणि माती कोरडी ठणठणीत असेल, तर तहान. पानांवर बारीक फिकट ठिपके, झाडावर धूळ बसल्यासारखं, खालच्या बाजूला सूक्ष्म जाळं: लाल कोळी ही रस शोषणारी अगदी बारीक कीड. एका रात्रीत पानंच नाहीशी झाली आणि खाली मिरीसारख्या काळ्या लेंड्या पडल्या असतील, तर हा रोग नव्हे. कण्हेरीवर येणारी हिरवी जाड अळी अडेनियमवरही येते, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. अळीच्या डोक्याच्या मागे निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन शोधा आणि हातानं उचलून टाका. फवारणीची गरज नाही.

पहिली तपासणी: काडी

याला काही पैसे लागत नाहीत, म्हणून इथूनच सुरुवात. अगरबत्तीची जुनी काडी किंवा खराट्याची हीर कुंडीच्या कडेनं, मुळांना न दुखवता, अर्ध्या खोलीपर्यंत खोचा. दोन मिनिटांनी काढून बघा. वरची माती बघून पाणी घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. बेळगावात जुलैत वरचा थर सतत ओला असतो आणि मार्चमधल्या वाऱ्यात तो तासाभरात वाळतो. दोन्ही वेळी आतली गोष्ट वेगळी असते.

जास्वंदीच्या कुंडीतली काडी टोकाला गारसर, थोडी माती चिकटलेली निघाली पाहिजे. कोरडी निघाली तर झाड तहानलेलं आहे. चिखल लागून, कुबट वास घेऊन निघाली तर निचरा बिघडला आहे. अडेनियमच्या कुंडीतली काडी पूर्ण कोरडी निघाली तरच पाणी. थोडीही ओलसर असेल तर आज नको.

पाण्याचा अंदाज असा. १२ इंची कुंडीतल्या मोठ्या जास्वंदीला एप्रिल-मेमध्ये रोज दीड ते दोन लिटर लागतं, तेही सकाळी. थंडीत दोन-तीन दिवसांआड. पावसाळ्यात पावसानं चार दिवस दडी मारली तरच. अडेनियमला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, पण तळातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर वरून अजिबात नाही. बोडकं झालेल्या झाडाला थंडीत पंधरा दिवसांनी पेलाभर पुरतं. हे आकडे तुमच्या कुंडीच्या आकारानुसार बदलतील. काडी मात्र बदलत नाही.

दुसरी: भोक, ताटली आणि कुंडीचं वजन

कुंडी तिरकी करून तळातलं भोक बघा. मुळांनी किंवा मातीनं बुजलेलं असतं, आणि कित्येक प्लास्टिकच्या कुंड्यांना भोक अर्धवटच पाडलेलं असतं. जाड तार घालून मोकळं करा. नंतर एक लिटर पाणी ओता. अडेनियमच्या कुंडीत पाणी अर्ध्या मिनिटात खाली यायला लागलं पाहिजे. जास्वंदीत एक-दोन मिनिटं चालतात. पाच मिनिटं वर तळं साचून राहिलं, तर माती बदलायची वेळ झाली आहे.

उलटही होतं. पाणी ओतताक्षणी कडेनं सरळ खाली निघून जातं. ही चांगली बातमी वाटते, पण ती नाही. मातीचा गोळा आकसून कुंडीपासून सुटलाय, मधला भाग कोरडाच आहे. अशी जास्वंद रोज पाणी मिळूनही तहानलेली राहते. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. आठ दिवसांत पुन्हा तेच झालं तर गोळाच मोडावा लागेल, ते पुढे येईल.

खाली ताटली असेल तर पावसाळाभर काढून ठेवा. कुंडी दोन विटांवर ठेवली की तळ सुटतो आणि हवा खेळते. गच्चीवर पाणी साचतं तिथे हा एक बदल अडेनियमच्या निम्म्या तक्रारी संपवतो.

तिसरी: पान उलटं करा, कळी फोडा

पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदी टिचकीनं हलवा. कागदावर पडलेले ठिपके सरपटायला लागले आणि बोटानं पुसल्यावर लालसर डाग उठला, तर कोळी. लांबट, पिवळसर-काळे, चपळ असतील तर फुलकिडे. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत दोन्ही येतात, आणि अडेनियमवर कोळी हमखास असतो. पहिला उपाय पाण्याचा: पानांच्या खालून पाईपचा जोरदार फवारा, तीन दिवसांआड, सलग तीन वेळा. अडेनियमला फवारा मारताना कुंडीच्या तोंडावर प्लास्टिक बांधा, म्हणजे माती भिजत नाही. त्यानं भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली निमतेल आणि १-२ मिली द्रव साबण चांगलं घुसळून, ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात मारलेलं तेल पानं भाजतं. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण निमतेल मारल्यापासून दोन आठवडे गंधक नको आणि कडक उन्हाळ्यातही नको.

पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या शोधा. ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय ढेकूण जात नाही. कुंडी भिंतीपासून हातभर दूर सरकवा, शेजारच्या झाडाची फांदी टेकत असेल तर छाटा, विटा पाण्याच्या उथळ थाळीत ठेवून त्यावर कुंडी ठेवा (पाणी कुंडीच्या तळाला लागू देऊ नका). आखडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा. झाडाखाली टाकाल तर ते परत चढतात. थोडाच प्रादुर्भाव असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसणं पुरतं.

आता कळीगळ. गळलेल्या पाच-सहा पिवळ्या कळ्या ब्लेडनं उभ्या चिरा. आत बुडाशी बारीक पांढुरक्या-पिवळसर अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. हीच माशी मोगऱ्याच्या कळ्यांतही अंडी घालते, म्हणून शेजारी मोगरा असेल तर त्याच्याही कळ्या तपासा. अळी कळीबरोबर खाली पडते, मातीत शिरून कोष करते आणि नवी माशी होऊन परत येते. हा सगळा फेरा साधारण तीन आठवड्यांचा. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे: सलग तीन-चार आठवडे, रोज सकाळी, गळलेल्या आणि झाडावरच पिवळ्या पडलेल्या कळ्या वेचून उकळत्या पाण्यात टाका. कंपोस्टमध्ये अजिबात नको. एक दिवस चुकला की फेरा पुन्हा सुरू. फवारणी इथे फारसं काम करत नाही, कारण अळी कळीच्या आत सुरक्षित असते.

कळीत काहीच सापडलं नाही तर किडीला दोष देऊ नका. पाण्याचा खंड, जागा बदलणं, अति ऊष्मा किंवा कमी प्रकाश यातलं एक कारण असतं. जुलैच्या मध्यात बेळगावात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा गळणाऱ्या कळ्यांवर औषध नाही. ऊन पडल्यावर गळ आपोआप थांबते. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदीत हे जास्त होतं, देशी लाल जास्वंद बरीच सोसते.

एक विनंती. देवाला वाहायची किंवा तेलात घालायची फुलं ज्या झाडाची, त्यावर अंतर्प्रवाही कीटकनाशक मारू नका. ते झाडाच्या रसात उतरतं, फुलातल्या मधातही जातं, आणि जास्वंदीवर शिंजीर आणि मधमाश्या रोज येतात.

चौथी: बुंधा दाबून बघा

ही फक्त अडेनियमसाठी, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला करायची. अंगठ्यानं बुंधा चारी बाजूंनी दाबा, विशेषतः मातीच्या रेषेवर आणि कलमाच्या सांध्यावर. घट्ट असेल तर निश्चिंत राहा. सगळीकडे सारखाच थोडा दबत असेल, माती कोरडी असेल, तर पाणी द्या, दोन-तीन दिवसांत फुगतो. एकाच जागी लिबलिबीत, तिथली साल काळपट किंवा तपकिरी आणि आंबूस वास असेल, तर ती कुज. पाणी त्याच क्षणी बंद करा आणि थेट आठव्या तपासणीकडे जा. मधल्या पायऱ्या करत बसलात तर झाड हातचं जाईल.

बरेच जण इथे फसतात. पानं लोंबतात, म्हणून झाड तहानलेलं समजून आणखी पाणी घालतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणूनच पानं लोंबतात.

पाचवी: जागा आणि ऋतू

आपल्या सीमाभागात एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पाऊस कोसळतो. खानापूर आणि बेळगाव शहरातही तो भरपूर असतो. अथणी-रायबागकडे गेलं की पाऊस एकदम कमी होतो. म्हणून खानापूर-बेळगावकडे अडेनियम मृगाच्या आधीच छपराखाली घ्या आणि दसऱ्यानंतरच उघड्यावर काढा. अथणीकडे ते बाहेर राहू शकतं, फक्त झडीच्या दिवसांत वरून प्लास्टिक हवं.

छप्पर म्हणजे अंधारी ओसरी नव्हे. अडेनियमला रोज सहा तास तरी ऊन लागतं. ओसरीत ठेवलेलं झाड कुजत नाही पण लांबुडकं होतं आणि फुलत नाही. पारदर्शक पत्रा किंवा चारी बाजू मोकळ्या ठेवून वरून ताणलेलं जाड पारदर्शक प्लास्टिक, हेच योग्य. जास्वंदीला पाऊस चालतो, पण जोराच्या वाऱ्यात कुंडी आडवी होते आणि मुळं हलतात. कुंडी कठड्याला बांधा.

थंडीत दोघांचं वागणं अगदी वेगळं. रात्रीचा पारा १५ अंशांखाली गेला की अडेनियमची वाढ थांबते, पानं गळतात. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हे दरवर्षी होणारच. बोडक्या झाडाला खत आणि जास्त पाणी देऊन जागं करायचा प्रयत्न करू नका. फेब्रुवारीत ऊन तापलं की शेंड्याला पोपटी फुटवा येतो, तेव्हा पाणी हळूहळू वाढवा. जास्वंद थंडीत मंदावते पण झोपत नाही. तिचं पाणी पूर्ण तोडलं तर फांद्या वाळतात.

एप्रिल-मेमध्ये सिमेंटच्या पश्चिम भिंतीला टेकून ठेवलेली जास्वंद दुपारी अक्षरशः शेकते. तिला सकाळचं पाच-सहा तासांचं ऊन पुरे, दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या. अडेनियम त्याच भिंतीजवळ खूश असतं.

सहावी: पाणी कुठलं आहे?

कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर जमतोय का बघा. राकसकोप किंवा हिडकल जलाशयातून येणारं नळाचं पाणी झाडांना सहसा त्रास देत नाही. बोअरचं पाणी मात्र, विशेषतः काळ्या मातीच्या आणि कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, खारं आणि जड असतं. त्यातला चुना मातीचा सामू (पीएच) वाढवतो, मग मातीत लोह असूनही जास्वंदीला ते घेता येत नाही. हिरव्या शिरांची पिवळी कोवळी पानं त्याचीच खूण. क्षार साठले की पानांच्या कडा करपतात. अडेनियममध्ये आधी टोकं करपलेली दिसतात.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) कुणाकडून उसना मिळाला तर पाणी मोजा. ५०० च्या आत असेल तर चिंता नाही, १००० च्या वर गेलं तर कुंडीतल्या झाडांना ते रोज देऊ नका. पन्हळीचं पावसाचं पाणी साठवा, पहिल्या दोन-तीन पावसांचं धूळकट पाणी सोडून. आधीच क्षार साठले असतील तर चांगलं पाणी हळूहळू ओतून माती धुवा: कुंडीत जेवढी माती, तिच्या तिप्पट पाणी. अडेनियमची अशी धुलाई फक्त कडक उन्हाच्या दिवसांत करा.

लोहासाठी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए मागा. तो पाण्यात टाकला की पाणी लालभडक होतं. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही. नवी पालवी हिरवी आली की उपाय लागू पडला समजा.

सातवी: खत

इथवर सगळं ठीक निघालं तरच खताकडे वळा. जास्वंद खादाड आहे. १२ इंची कुंडीला महिन्याला १०० ग्रॅम गांडूळखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड, शिवाय वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅम. फुलांसाठी पालाश महत्त्वाचं, म्हणून मधून मधून १३:०:४५ द्या. डीएपी या स्फुरदयुक्त खताची मूठ टाकायची सवय मोडा. जादा स्फुरद जास्वंदीला मानवत नाही, लोहाची कमतरता त्यानं आणखी वाढते. जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम फवारा.

अडेनियमला १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी, मार्च ते मे आणि पुन्हा पाऊस सरल्यावर. झडीच्या दिवसांत, थंडीत आणि कुंडी बदलल्यावर महिनाभर काही नाही. कच्चं शेणखत तर कधीच नको, ते ओल धरून ठेवतं आणि बुंध्याला लागलं की कुजवतं.

आठवी: कुंडीतून काढून बघणं

आता काम जरा मोठं. आंध्रातल्या कडियम भागातून येणारी बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत बसवला की नव्या मातीत पाणी, गोळ्यात कोरड, किंवा गोळ्यात महिनाभर चिखल. जास्वंदीचा गोळा बादलीत तासभर भिजवून बोटांनी कडेची एक तृतीयांश माती सोडवा, गोल फिरलेली मुळं दोन सेंटीमीटर कापा आणि दोन इंच मोठ्या कुंडीत लावा. मिश्रण: दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती कुंडीत नको, ती भिजली की फुगते आणि वाळली की फाटते. हे काम फेब्रुवारीत किंवा मृगाच्या सरींनंतर लगेच करा. फेब्रुवारीत करणार असाल तर त्याच वेळी फांद्या एक तृतीयांश छाटा, कारण फूल नव्या फुटीवरच येतं. कुंडी बदलल्यावर आठवडाभर सावली.

अडेनियमची सगळी माती झटकायची. मिश्रण: दोन भाग जाड वाळू, बारीक खडी किंवा विटांचा चाळलेला चुरा (४ ते ६ मिलिमीटर), एक भाग कोकोपीट, अर्धा भाग गांडूळखत. बारीक वाळू घालू नका, ती सिमेंटसारखी बसते. कुंडी उथळ, आणि शक्यतो मातीची: खानापूरकडच्या भाजलेल्या कुंड्या बाजूनंही श्वास घेतात आणि लवकर वाळतात. जास्वंदीला मात्र उन्हाळ्यात तीच कुंडी रोज दोनदा पाणी मागेल, तिला प्लास्टिक किंवा सिमेंटची बरी. लावल्यावर अडेनियमला सात-आठ दिवस पाणी देऊ नका. तुटलेल्या मुळांच्या जखमा आधी सुकायला हव्यात.

बुंधा मऊ लागला असेल तर शस्त्रक्रिया करावी लागेल. हातमोजे घाला, कारण अडेनियमचा चीक विषारी आहे. तो डोळ्यांना, तोंडाला लागू देऊ नका, आणि कापलेले तुकडे शेळ्या-वासरांच्या वाटेत टाकू नका. मुळं धुऊन घ्या. स्पिरिटनं पुसलेल्या धारदार सुरीनं कुजलेला भाग कापत जा, प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा पुसा. कापाचा पृष्ठभाग सगळीकडे पांढरट, घट्ट दिसेपर्यंत थांबायचं नाही. तपकिरी ठिपका किंवा कडं उरलं तर कुज पुन्हा चढते. जखमेवर बुरशीनाशकाची कोरडी पूड चोळा. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचं मिश्रण सगळीकडे मिळतं, पण चिखलातल्या मूळकुजीच्या बऱ्याच बुरशींवर एकटं कार्बेन्डाझिम चालत नाही. त्यासाठी मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण घ्या. पुढे पाणी सुरू केल्यावर तेच लिटरला २ ग्रॅम घालून एकदा ओता.

कापलेलं झाड सावलीत, वाऱ्यात, उलटं टांगून ठेवा. कोरड्या हवेत पाच-सात दिवस, पावसाळ्यात दहा दिवसांहून जास्त, आणि तेव्हा शक्य असेल तर पंख्याखाली. जखमेवर कडक पापुद्रा धरला की कोरड्या मिश्रणात लावा आणि आणखी आठवडाभर पाणी नको. झाड पानं टाकेल, ते अपेक्षित आहे.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

अर्ध्याहून जास्त बुंधा कुजला असेल, किंवा कुज कलमाच्या सांध्याच्या वर गेली असेल, तर घरी कापत बसू नका. निरोगी फांद्या तेवढ्या कापून घ्या आणि अडेनियमची कलमं करणाऱ्या नर्सरीत त्याच दिवशी न्या, तिथे त्या नव्या खुंटावर बांधता येतात. फांदी नुसती मातीत खोचली तर ती रुजते, पण बियांच्या झाडासारखा फुगीर बुंधा तिला सहसा येत नाही.

जास्वंदीच्या बाबतीत तीन वेळा थांबा. खोडाला भोकं आणि त्यातून भुसा येत असेल, एकामागून एक फांदी वरून खाली वाळत असेल, किंवा जमिनीतलं जुनं झाड ओल्या मातीतही मान टाकत असेल, तर अनुभवी माळ्याला प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून औषध विचारू नका, कारण या तिन्ही त्रासांचं मूळ खोडात किंवा मुळात असतं आणि पानांच्या फोटोत ते दिसत नाही. दोन वेगवेगळी औषधं मारून महिन्यात फरक नसेल तर तिसरं मारू नका.

बोअरच्या पाण्यामुळे अंगणातली बरीच झाडं एकदम पिवळी पडत असतील तर पाणी आणि माती तपासून घेणंच स्वस्त पडतं. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे, अरभावीला किट्टूर राणी चन्नम्मा बागायत महाविद्यालय आहे. नमुना कसा आणि किती आणायचा ते आधी विचारून मग जा. रोगाचा नमुना न्यायचा असेल तर पूर्ण मेलेली फांदी नेऊ नका. निम्मी निरोगी, निम्मी आजारी अशी फांदी, मुळाच्या भागासह, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती वाटेतच घामेजते आणि कुजते, मग मूळ रोग कोणता हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही. कुंडीला शेवटचं पाणी कधी दिलं, कोणतं खत, कोणतं औषध कधी मारलं, हे कागदावर लिहून सोबत द्या.